किती दिवस आजारी राहणार, भावा?

आवाज आला तेव्हा सगळ्यांना वाटलं, बॅट मोडली.

ऑक्टोबर 2024. बुधवार, रात्री दहा ते अकराचा स्लॉट, बाणेरमधलं एक टर्फ. चेंडू जाळीला आपटून मागे आला, मी झटकन वळलो. अंग वळलं, पाय मात्र त्या हिरव्या प्लास्टिकच्या गवतात तसाच रोवलेला राहिला. गुडघ्यातून 'टक्' असा आवाज आला आणि मी खाली बसलो. दुखलं नंतर. आधी फक्त कळलं की, आत काहीतरी सुटलंय.

त्याच्या आधीच्या रविवारी आमच्या टर्फच्या ग्रुपवर एक मेसेज आला होता. 'किती दिवस आजारी राहणार, भावा?' त्याखाली हसणारे सहा चेहरे. सातवा मीच टाकला होता, आणि बुधवारसाठी नाव दिलं होतं.

हा लेख त्या मेसेजच्या विरोधात आहे. तो पाठवणाऱ्याशी माझं भांडण नाही. त्यानेच त्या रात्री मला उचलून रिक्षात घातलं. भांडण त्या प्रश्नाशी आहे, कारण तो प्रश्न एकट्या मित्राचा नव्हता. ऑफिसचा होता, हातातल्या घड्याळाचा होता, आणि सगळ्यात जास्त माझा स्वतःचा होता.

ताप गेला, मग काय राहिलं?

ऑगस्टमध्ये मला चिकनगुनिया झाला. त्या पावसाळ्यात पुण्यात तो घरोघरी होता. ताप चार-पाच दिवसांत उतरला. सांधे मात्र धरलेलेच राहिले. सकाळी उठल्यावर ब्रशवर पेस्ट घ्यायला बोटं वळत नव्हती. जिना उतरताना कठडा धरावा लागायचा. वय वर्षं अठ्ठावीस.

चिकनगुनिया हे नाव पूर्व आफ्रिकेतल्या माकोंडे भाषेतून आलंय. अर्थ साधारण 'वाकवून टाकणारा'. 1952 साली आजच्या टांझानियात या आजाराची साथ पहिल्यांदा नोंदवली गेली, आणि माणसं सांधेदुखीने कशी वाकतात, हे लोकांनी नावातच सांगून ठेवलं. बरेच जण काही आठवड्यांत बरे होतात. पण काहींचे सांधे महिनोनमहिने, क्वचित वर्षानुवर्षं दुखत राहतात. यात गुपित काही नाही. तरीही फॉलोअपला डॉक्टरांनी कागद पाहिले आणि म्हणाले, "रिपोर्ट नॉर्मल आहेत. रुटीन चालू करा." कुठलं रुटीन, हे त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

मराठीत आपण म्हणतो, 'तो आजारातून उठला'. शब्द किती नेमका आहे बघा. उठला. फक्त उठला. चालायला लागला, धावायला लागला, वळायला लागला, यातलं काहीच त्यात नाही. पण आपण 'उठला' ऐकतो आणि त्याचा अर्थ 'झाला तयार' असा घेतो.

माझी तक्रार हीच आहे. आजारी आणि ठणठणीत यांच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते. ती आठवड्यांची असते, कधी महिन्यांची. आपल्या जगण्यात तिच्यासाठी खुर्चीच ठेवलेली नाही. ऑफिसच्या पोर्टलवर 'सिक लीव्ह' आहे आणि 'प्रेझेंट' आहे. ग्रुपवर 'इन' आहे आणि 'आउट' आहे. घड्याळात तर तेवढंही नाही. मी तापाने फणफणत होतो, तेव्हाही ते मला उठून उभं राहायला सांगत होतं.

शरीराचं प्रॉडक्शन

माझ्या धंद्यातल्या लोकांसाठी हे आमच्याच भाषेत सांगतो. शुक्रवारी संध्याकाळी कोड प्रॉडक्शनवर टाकायचा नाही, हे आपल्याला पहिल्या नोकरीत कळतं. आधी स्टेजिंग, मग टेस्टिंग, मग थोड्या लोकांपुरतं चालू करायचं, लॉग बघायचे, मग सगळ्यांसाठी. चार ओळींच्या बदलाला आपण एवढे लाड करतो. आणि सात आठवडे पडून असलेलं शरीर बुधवारी रात्री दहा वाजता, ऑफिसमधून थेट, वॉर्मअपशिवाय, पूर्ण वेगाने वळायला लावतो.

त्या सात आठवड्यांत आत काय झालेलं असतं? स्नायू वापरला नाही की, झपाट्याने झडतो. धाप लवकर लागते. हळूहळू हालचाल सुरू केली की, दम आधी परत येतो. तेव्हाच आपण म्हणतो, 'आता बरं वाटतंय'. पण स्नायूबंध आणि हाडं यांचा वेग वेगळा असतो. ते सावकाश भार पेलायला शिकतात, महिन्यांच्या हिशोबात. म्हणजे इंजिन लवकर तयार होतं, चेसिस नंतर. आणि आपण इंजिनचा आवाज ऐकून गाडी हायवेवर काढतो.

गुडघ्याची आणखी एक गंमत मला फिजिओथेरपिस्टने सांगितली, दुर्दैवाने उशिरा. गुडघ्यात सूज असली, आत थोडं पाणी असलं, तर मज्जासंस्था मांडीच्या पुढच्या स्नायूला येणारा हुकूम कमी करून टाकते. तुम्ही कितीही जोर लावा, तो स्नायू पूर्ण ताकदीने ओढतच नाही. आणि वळताना-थांबताना गुडघा सांभाळायचं बरंचसं काम त्याच्यावर आणि मागच्या स्नायूंवर असतं. म्हणजे 'मनात आणलं की होतं' हे वाक्य इथे शब्दशः खोटं आहे. मनात आणलं तरी तो स्नायू ऐकत नाही.

चिकनगुनियामुळेच माझं लिगामेंट तुटलं, असं मी म्हणत नाही. ठणठणीत माणसांचंही तुटतं. पण सुजऱ्या गुडघ्याने आणि झडलेल्या मांडीने मी त्या टर्फवर उतरलो, ही वस्तुस्थिती आहे. एमआरआयमध्ये एसीएल पूर्ण फाटलेलं दिसलं. डिसेंबरमध्ये शस्त्रक्रिया झाली.

बुमराहचं कौतुक करतो, त्याची सुट्टी घेत नाही

आमच्या ग्रुपचा फोटो जसप्रीत बुमराहचा आहे. तर त्याचंच घेऊ. सप्टेंबर 2022 मध्ये पाठीच्या दुखापतीमुळे तो बाहेर गेला. टी-ट्वेंटी विश्वचषक हुकला. जानेवारी 2023 मध्ये श्रीलंकेविरुद्धच्या वनडे मालिकेसाठी त्याचं नाव संघात आलं, आणि मालिका सुरू व्हायच्या आत मागेही घेतलं गेलं. मार्चमध्ये न्यूझीलंडला शस्त्रक्रिया झाली. तो परतला ऑगस्ट 2023 मध्ये, आयर्लंडला. जवळपास अकरा महिने. ऋषभ पंतचा अपघात 30 डिसेंबर 2022 चा. तो मैदानावर दिसला मार्च 2024 मध्ये.

या लोकांकडे फिजिओ, ट्रेनर, आहारतज्ज्ञ असतात. खेळणं हा त्यांचा पोटापाण्याचा धंदा असतो. त्यांना अकरा आणि पंधरा महिने लागतात. आणि आपण, ज्यांचा दिवस खुर्चीत जातो, ज्यांच्याकडे फिजिओच्या नावाने यूट्यूब असतं, आपण सात आठवड्यांत परततो आणि वर म्हणतो, 'वॉरियर'.

एसीएलच्या शस्त्रक्रियेनंतर लोक सहाव्या महिन्यात विचारतात, 'आता खेळू का?' 2016 साली 'ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन'मध्ये नॉर्वे आणि अमेरिकेतल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. त्यात दिसलं की, शस्त्रक्रियेनंतर नवव्या महिन्यापर्यंत, परतणं जितके महिने लांबवलं, त्यातल्या प्रत्येक महिन्यागणिक पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण जवळपास निम्म्याने कमी होत गेलं. अभ्यास छोटा होता, शंभरेक रुग्णांचा. पण त्याचा अर्थ सरळ आहे. थांबणं हा उपचाराचाच भाग आहे.

दुसऱ्या टोकाचं घर

आता दुसरी बाजू. ती आमच्या घरी राहते. तिचं नाव आई.

"आता पुरे झाले ते खेळ. पडून राहा." काकूचं तेच, शेजारच्या काकांचं तेच. त्यांची काळजी खरी आहे, सल्ला चुकीचा आहे. पडून राहिल्याने सांधे आणखी आखडतात, स्नायू आणखी झडतात. 1978 साली अमेरिकी डॉक्टर गेब मर्किन यांनी दुखापतीसाठी विश्रांती, बर्फ, पट्टी आणि पाय उंच ठेवणं असं सूत्र दिलं, ते जगभर पाठ झालं. पुढे त्यांनी स्वतःच लिहिलं की, बर्फ आणि पूर्ण विश्रांती यांनी बरं होणं लांबूही शकतं. आपलंच सूत्र जाहीरपणे दुरुस्त करणाऱ्या माणसाबद्दल मला आदर वाटतो.

मग व्यायाम हाच सगळ्यावर उपाय का? तेही नाही. क्रॉनिक फटीग सिंड्रोम या आजारात, आणि लाँग कोविडच्या काही रुग्णांमध्ये, जरा जास्त श्रम झाले की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी माणूस कोसळतो आणि दिवसेंदिवस उठत नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेने 2007 साली अशा रुग्णांना टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा सल्ला दिला होता. ऑक्टोबर 2021 मध्ये तो सल्ला काढून टाकला. रुग्ण कित्येक वर्षं ओरडून सांगत होते की, याने आमचं बिघडतंय. त्यांना ऐकवलं जात होतं की, तुम्ही घाबरताय, जोर लावा.

म्हणून 'हळूहळू वाढव' हा सल्लासुद्धा सगळ्यांना सरसकट देता येत नाही. माझ्या गुडघ्याला भार हवा होता, मोजून-मापून. कोणाला तोच भार बाधेल. विषाणूमुळे हृदयाच्या स्नायूला सूज आलेल्या माणसाला तर तीन ते सहा महिने दमछाक करणारा खेळ बंद ठेवायला सांगतात. फरक कळायला कोणीतरी विचारावं लागतं: काल काय केलंस आणि आज सकाळी कसं वाटलं? 'रिपोर्ट नॉर्मल' म्हणणारा हा प्रश्न विचारत नाही. 'नो एक्स्क्यूजेस' असं भिंतीवर रंगवलेली जिमही विचारत नाही.

शिस्त कशाला म्हणायचं?

सगळ्यात जास्त राग मला 'शिस्त' या शब्दाच्या वापराचा येतो. पहाटे पाचला उठून, अंगात कणकण असताना दहा किलोमीटर पळून, त्याचा स्क्रीनशॉट टाकणं ही शिस्त. आणि ठरलेले तीनच सेट करून, अजून करावंसं वाटत असताना थांबणं? ते आळशीपण.

कोल्हापूरच्या तालमीतला मल्ल पहाटे जोर-बैठका मारतो, मातीत घाम गाळतो, मग खुराक घेतो आणि दुपारी झोपतो. त्या झोपेला तालमीत कोणी आळस म्हणत नाही. आमच्या आजीकडे या मधल्या काळासाठी शब्द होते: पथ्य, शेक, बाळंतिणीचा सव्वा महिना. तो सव्वा महिना किती बायकांना खरोखर मिळाला, हा वेगळा आणि कडू प्रश्न आहे. पण निदान शब्द होता. आमच्याकडे 'कमबॅक' आहे. तो एका रात्रीत होतो आणि त्याला पार्श्वसंगीत असतं.

आणि हे सगळं परवडणाऱ्यांचं बोलणं आहे, हेही मला ठाऊक आहे. फिजिओच्या क्लिनिकमध्ये माझ्या शेजारच्या बाकावर एक मुलगा बसायचा, जेवणाच्या डिलिव्हरीवर बाइक चालवणारा. त्यालाही ऑगस्टमध्येच चिकनगुनिया झाला होता. दहाव्या दिवशी तो गाडीवर होता. "घरी बसलो तर हप्ता कोण भरणार?" त्याला कोणी 'किती दिवस आजारी राहणार' असं विचारलंच नाही, विचारायची गरजच नव्हती. चौथ्या खेपेनंतर तो यायचा बंद झाला. माझ्याकडे विमा होता, पगारी रजा होती, घरून काम होतं. एवढं असूनही मी घाई केली, तेही बॉक्स क्रिकेटसाठी. मला कोणी जबरदस्ती केली नव्हती. त्याला परिस्थितीने केली होती.

मग हवं काय?

ऑफिसने स्टेप चॅलेंजची टी-शर्टं छापण्याऐवजी आजारातून उठलेल्या माणसाला दोन-तीन आठवडे अर्धा दिवस काम द्यावं. जिमच्या ट्रेनरने पहिल्या दिवशी वजनाच्या आधी विचारावं, गेल्या तीन महिन्यांत काय झालं होतं? डॉक्टरांनी 'रुटीन' म्हणताना ते कुठलं, हे विचारावं. आणि टर्फच्या ग्रुपवर 'इन' आणि 'आउट'च्या मध्ये एक तिसरा पर्याय असावा: येतोय, पण पळणार नाही.

स्वतःपुरता मी एक नियम पाळतो. आज जे केलं त्याचा निकाल आज लावायचा नाही, उद्या सकाळी लावायचा. सकाळी गुडघा सुजला नसेल, तर तेवढंच पुन्हा. दोनदा जमलं, तर थोडं जास्त. सुजला, तर एक पायरी मागे. कंटाळवाणं आहे. याचा रील होत नाही.

शस्त्रक्रियेला आता दहा महिने झाले. मी सरळ रेषेत पळतो. एका पायावर उडी मारतो, फिजिओ टेपने अंतर मोजते. तुटलेला पाय चांगल्या पायाच्या नव्वद टक्क्यांपर्यंत आला की, वळायचं शिकवणार म्हणते. सध्या चौऱ्याऐंशीवर आहे.

बुधवारी मी टर्फवर जातो. अंपायरिंग करतो, वाइडवरून शिव्या खातो. गेल्या महिन्यात आमच्यातल्या एकाला डेंग्यू झाला. तेराव्या दिवशी त्याने ग्रुपवर लिहिलं, 'बुधवारी इन.' मी त्याला फोन केला. म्हटलं, "ये. माझ्या शेजारी खुर्ची आहे. स्कोअर लिही."

तो आला. दोन षटकं लिहिली आणि तिसऱ्यात बसल्या जागी त्याचा डोळा लागला.