क्षमावाणी लिहायची असते, फॉरवर्ड करायची नाही

"आमच्या सुनांना लिहायची आवडच नाही," असं परवा मंदिरात एक ताई म्हणाल्या. मला नाही पटलं. आवड लागायची जागाच आपण बंद केली आहे.

मी बी.कॉम. झालेली, माझं लिहिणं म्हणजे जमाखर्च. लग्न होऊन कारंज्याला आले. दशलक्षण पर्व संपलं आणि सासूबाईंनी पोस्टकार्डांचा गठ्ठा पुढ्यात ठेवला. सगळ्या नातेवाइकांना क्षमावाणी लिहायची होती. पहिली २० कार्डं एकसारखी लिहिली. नणंदेच्या कार्डावर मात्र हात थांबला, कारण तिच्याशी खरंच बोलाचाली झाली होती. त्या चार ओळींना दोन तास लागले, तीन कार्डं वाया गेली (सासूबाईंनी ती मोजली होती!). पण त्या दुपारी कळलं, मला लिहायला आवडतं.

आता तयार फोटो येतो, तो आपण २०० जणांना पाठवतो. कुणाची कसली क्षमा?

आणि शिक्षणाचं कारण सांगू नका. खानदेशातल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता येत नव्हतं. त्या गाणी रचत, घरची माणसं उतरवून घेत. १९५१ साली त्या गेल्या. मुलगा सोपानदेव यांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं. आपण मात्र कारंज्याच्या हस्तलिखित पोथ्यांचा अभिमान सांगतो आणि सुनेची वही रद्दीत घालतो.

यंदा सुनेला, नातीला दहा-दहा कोरी कार्डं द्या. काय लिहिलं ते वाचायला मागू नका.