स्ट्रोकनंतरचं चालणं: फोनला दिसत नाहीत ती पावलं

स्ट्रोकच्या पेशंटला चालवणारे रोबोटिक सूट तुम्ही रील्समध्ये पाहिले असतील. रीवॉकच्या ‘रीस्टोर’ या मऊ सूटला अमेरिकेत २०१९ मध्येच मंजुरी मिळाली. भारी आहे, पण तो क्लिनिकमध्ये, फिजिओच्या देखरेखीखाली वापरायचा. घरापासून किराणा दुकानापर्यंत काय?

म्हणून मला ‘इनटँडम’ जास्त आवडतं. बुटांवर सेन्सर, कानात हेडफोन. पेशंटच्या पावलांनुसार सॉफ्टवेअर गाण्याचा ठेका बदलतं. लेझीम खेळलेल्यांना हे लगेच कळेल: ठेका मिळाला की पाय आपोआप पडतो.

पण सेन्सर बुटांवर का? खिशातला फोन आहे की! फोनचं स्टेप काउंटर पावलाचा हादरा ओळखतं. पाय ओढत हळू चालणाऱ्याचा हादरा इतका बारीक असतो, की अल्गोरिदम त्याला नॉइज समजून सोडून देतो. तेव्हा आजोबांनी गॅलरीत दहा फेऱ्या मारल्या आणि ॲपने वीसच पावलं दाखवली, तर आजोबांवर चिडू नका.

त्यापेक्षा वेग मोजा. जमिनीवर १० मीटर आखा, स्टॉपवॉच लावा, सोबत कुणीतरी राहा. सेकंदाला ०.८ मीटर, म्हणजे साधारण साडेबारा सेकंद, हा बाहेर मोकळेपणाने फिरण्यासाठीचा जुना निकष.

आणि महागडं मशीन परवडत नाही म्हणून खचू नका. २०११ मध्ये अमेरिकेतल्या ४०८ पेशंटच्या अभ्यासात, पट्ट्यांच्या आधाराने ट्रेडमिलवर चालवलेले आणि फिजिओने घरी व्यायाम करून घेतलेले, दोन्ही गट वर्षभराने जवळपास सारखेच सुधारले होते.