वेळ नव्हता, हे खरं नाही

ध्वनीच्या पाचपट वेगाने येणारं क्षेपणास्त्र शंभर किलोमीटर अंतर साधारण एका मिनिटात कापतं. तेवढ्यात माणूस काय पाहणार आणि काय ठरवणार? तेव्हा मारा करायचा की नाही, हा निर्णयही संगणकावरच सोपवा, असा पूर्वपक्ष हल्ली संरक्षणविषयक चर्चांमध्ये मोठ्या आत्मविश्वासाने मांडला जातो.

त्यातला खरा भाग आधी मान्य करतो. सुटलेल्या अस्त्राला दिशा देणं हे आता माणसाचं काम उरलेलं नाही. ब्राह्मोससारखं अस्त्र ध्वनीच्या जवळपास तिप्पट वेगाने झेपावत असताना क्षणाक्षणाला करावी लागणारी दुरुस्ती मानवी हाताला झेपणारी नव्हे. १७ मे १९८७ रोजी इराणच्या आखातात इराकी विमानाने सोडलेली दोन एक्झोसेट क्षेपणास्त्रं अमेरिकेच्या ‘स्टार्क’ युद्धनौकेवर आदळली आणि ३७ नौसैनिक मेले. नौकेवर जवळून बचाव करणारी फॅलँक्स तोफ होती, पण ती स्वयंचलित स्थितीत ठेवलेलीच नव्हती. अंगावर आलेलं अस्त्र शेवटच्या सेकंदांत पाडणं यंत्राकडेच असावं, याबद्दल माझा वाद नाही.

वाद पुढच्या उडीबद्दल आहे: कशावर मारा करायचा हेही यंत्रानेच ठरवावं, याबद्दल. त्या उडीसाठी ‘व्हिन्सेन्स’चा दाखला हमखास दिला जातो. ३ जुलै १९८८ रोजी या अमेरिकी नौकेने बंदर अब्बासहून दुबईला निघालेलं इराण एअरचं प्रवासी विमान पाडलं. २९० माणसं मेली, त्यांत ६६ मुलं होती. नौकेवरच्या एजिस या रडार-संगणक यंत्रणेत विमान वर चढत असल्याची नोंद होती. माणसं मात्र ते खाली झेपावतंय असं ओरडून सांगत होती. मग संगणकाचंच ऐकलं असतं तर?

हा युक्तिवाद अर्धवट आहे. विमान चढतंय हे एजिसला कळत होतं, ते प्रवासी आहे की लढाऊ हे कळत नव्हतं. उंचीचा आकडा समोरच्या मोठ्या पडद्यावर नव्हता, तो वेगळ्या छोट्या पडद्यावर शोधावा लागे. इराणी गनबोटींशी चकमक चालू असताना कप्तानापुढे ही अशी मांडणी होती. आणि सगळ्यात महत्त्वाचं: त्याच भागात असलेल्या ‘साइड्स’ या साध्या फ्रिगेटवर एजिस नव्हती. तिचे कप्तान डेव्हिड कार्लसन यांनी तेच विमान रडारवर पाहून त्यापासून धोका नाही असं ठरवलं होतं. उड्डाणापासून माऱ्यापर्यंत सुमारे सात मिनिटं होती. ती एका माणसाला पुरली.

आता नुसत्या यंत्राचं पाहू. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातल्या दहरान इथे पॅट्रियट ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा येणाऱ्या इराकी स्कड क्षेपणास्त्रावर प्रतिमारा करू शकली नाही. २८ अमेरिकी सैनिक मेले. संगणकाच्या घड्याळात दर वेळी अतिसूक्ष्म चूक साठत होती. शंभर तास यंत्रणा सलग चालल्यावर ती ०.३४ सेकंदांची झाली आणि तेवढ्यात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे सरकतं. यंत्रणा सलग चालवली की अचूकता घसरते, हे पॅट्रियट वापरणाऱ्या इस्रायलींनी दोन आठवडे आधी कळवलं होतं. दुरुस्त केलेला प्रोग्रॅम दहरानला पोचला तो २६ तारखेला. इथे वेळ कमी पडला असं कोण म्हणेल? २००३च्या मार्चमध्ये पॅट्रियटनेच ब्रिटिशांचं टोर्नेडो विमान शत्रूचं अस्त्र समजून पाडलं, त्यातले दोघेही गेले. अस्त्र ओळखण्याचे निकष इतके सैल ठेवले होते की परतणारं मित्रविमान त्यांत बसलं. ते निकष काही त्या मिनिटात ठरलेले नव्हते.

माझा पक्ष एवढाच. माणसाची जागा शेवटच्या सेकंदात नाही, त्याआधीच्या तासांत आणि महिन्यांत आहे: निकष ठरवताना, पडद्यावर काय दिसावं हे ठरवताना, कोणत्या क्षेत्रात आणि किती काळ यंत्राला मोकळीक द्यायची हे ठरवताना. ज्यात माणसं बसलेली असू शकतात अशा लक्ष्यावर मारा करण्याआधी एका जबाबदार, प्रशिक्षित अधिकाऱ्याला ‘नाही’ म्हणण्याचा अधिकार हवा, आणि तो वापरण्यापुरती माहितीही हवी. नुसतं बटणाजवळ माणूस बसवणं म्हणजे देखरेख नव्हे. यंत्राने सांगितलं म्हणून होकार देणारा माणूस हा यंत्राचाच भाग होतो.

जबाबदारीचा प्रश्न तर आपल्या दारातला आहे. ९ मार्च २०२२ रोजी भारताचं ब्राह्मोस चुकून सुटलं आणि पाकिस्तानात मियाँ चन्नूजवळ पडलं. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. चौकशीत कार्यपद्धती मोडल्याचं निष्पन्न झालं आणि हवाई दलाच्या तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केलं गेलं. निर्णयसाखळीत माणसं होती म्हणून उत्तर मागता आलं.

डिसेंबर २०२३ मध्ये स्वायत्त शस्त्रांविषयी महासचिवांकडून अहवाल मागणारा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेत आला. १५२ देशांनी त्याच्या बाजूने मत दिलं. विरोधात चार होते, त्यांत भारत होता. ही चर्चा पारंपरिक शस्त्रांविषयीच्या जिनिव्हातल्या करारचौकटीतच व्हावी, ही आपली भूमिका आहे. तिथे सर्वसंमतीशिवाय काही होत नाही, आणि वर्षानुवर्षं बंधनकारक नियम झालेला नाही. ब्राह्मोसचा अनुभव घेतलेल्या देशाने ही भूमिका बदलावी, आणि संसदेत यावर उघड चर्चा घ्यावी.