पोषणाचे माप

पहिल्या पावसाबरोबर मातीला जो सुगंध सुटतो, त्याचे पुष्कळसे श्रेय मातीतील स्ट्रेप्टोमायसीस नावाच्या तंतुमय जीवाणूंकडे जाते. क्षयावरील पहिले प्रभावी प्रतिजैविकही याच कुळाने दिले. १९४३ साली अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात, वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत, अल्बर्ट शाट्झ यांनी स्ट्रेप्टोमायसिन वेगळे काढले. पुढे १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली आणि आपल्या देशातही अशा औषधांची निर्मिती सुरू झाली.

हे जीवाणू मोठमोठ्या टाक्यांत, साखर, सोयाबीनचे पीठ व क्षार घातलेल्या द्रवात वाढवितात. जितके अन्न अधिक, तितके औषध अधिक, असे कोणासही वाटेल. परंतु घडते ते निराळेच. ग्लुकोज अथवा फॉस्फेट वाजवीपेक्षा जास्त झाले, की जीवाणूची वाढ जोमाने होते आणि औषधाची निर्मिती मात्र मंदावते. अन्न सरत आले म्हणजे त्याचे जुने तंतू विरघळू लागतात, बीजाणू धरण्याची सिद्धता होते आणि बहुधा त्याच सुमारास प्रतिजैविक स्रवू लागते. विरघळत्या तंतूंतील अन्न शेजारच्या जंतूंनी लुटू नये, यासाठी हा पहारा असावा, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे.

याहून नवलाची गोष्ट २००८ साली युरोपातील संशोधकांनी दाखवून दिली. कायटिनचा घटक असलेली एक शर्करा तुटपुंज्या पोषणद्रव्यात मिसळली, तर प्रतिजैविकाची निर्मिती जागी होते. तीच शर्करा समृद्ध पोषणद्रव्यात मिसळली, तर ती निर्मिती दडपली जाते. थंडीतले विरजणाचे माप उन्हाळ्यात चालत नाही, हे आमच्या गृहिणींना सांगावयास नको. येथेही वस्तू तीच, परिस्थितीनुसार फळ निराळे.

या खटाटोपाचे आम्हां सामान्यांना काय, असे वाचक विचारतील. रोगजंतू जुन्या औषधांना दाद देईनासे झाले आहेत आणि नवी औषधे क्वचितच हाती लागतात. २००२ साली स्ट्रेप्टोमायसीस सीलिकलरचा संपूर्ण जनुकसंच उलगडला, तेव्हा त्यात अशी विशेष द्रव्ये घडविणारे वीसहून अधिक जनुकसमूह आढळले. त्यांतील बहुतेकांची द्रव्ये तोवर कोणी पाहिलीही नव्हती. हे निद्रिस्त भांडार कोणत्या चिमूटभर द्रव्याने, कोणत्या वेळी जागे होईल, याचा शोध चालू आहे. उद्याच्या रुग्णाचे औषध कदाचित आपल्या अंगणातील मातीत आजही असेल; त्यास जागविणारे माप तेवढे सापडावयाचे आहे.