कोरकूंची फळी आणि आमची नजर

भोपाळच्या संग्रहालयांतून कोरकूंचे जुने लाकडी स्मृतिफलक जतन झाले, याचा आम्हांस आनंद आहे. १९८२ साली भारत भवन उघडले तेव्हा जगदीश स्वामीनाथन यांनी आदिवासींच्या कलाकृती आधुनिक चित्रांच्या बरोबरीने मांडल्या, हे ऋणही आम्ही मानतो. परंतु 'काय सुरेख नक्षी!' म्हणून पुढे सरकणाऱ्या रसिकांशी आमचे भांडण आहे.

ही फळी शोभेची नव्हे. मेळघाटापासून बैतूलपर्यंत पसरलेल्या कोरकूंत मृताच्या स्मरणार्थ सागाची फळी कोरून उभी करण्याची चाल आहे. तिला ते 'मुंडा' म्हणतात. 'सिडोली'चा विधी झाला की मृत पूर्वजांत मिळाला, अशी त्यांची श्रद्धा. फळीवर चंद्रसूर्य असतात, घोडेस्वार असतो. गोमंतकातील व कोल्हापूरकडील वीरगळांच्या माथ्यावर हेच चंद्रसूर्य नाहीत काय? तेथे आम्ही 'यावच्चंद्रदिवाकरौ' म्हणून हात जोडतो आणि कोरकूंच्या चंद्रसूर्याला मात्र नक्षी म्हणतो. हा कोठला न्याय?

अशा फळीखाली जमात, लाकूड आणि माप एवढेच लिहून भागणार नाही. ती कोणासाठी कोरली, कोणी कोरली, कोणत्या गावाहून व कोणाच्या संमतीने आणली, हे लिहिले पाहिजे. आणि ते कोरकू भाषेतही लिहिले पाहिजे. माहिती नसेल तर तशी स्पष्ट कबुली द्यावी. लाकूड वाळवीपासून वाचले, हे चांगलेच झाले. ज्याच्यासाठी ते कोरले, त्याचे नाव हरवले असेल, तर जतनाचे काम अर्धेच झाले, असे आम्ही समजतो.