वीस भिक्षू, बारा नाणी

दिवाळी जवळ आली की देवळाली कॅम्पातल्या आमच्या घरी फोन सुरू होतात. मुंबई-ठाण्याकडची माणसं इथे पिढ्यानपिढ्या हवापालटाला येत आली आहेत. लॅम रोडच्या दोन्ही बाजूंची जुनी सॅनेटोरियमं त्याचसाठी बांधली गेली, आणि आमच्यासारख्या घरांत पाहुण्यांसाठी एक जादा खोली असते तीही त्याचसाठी. गेल्या वर्षी माझ्या भाचीचा फोन आला. "मामी, तीन दिवस आहेत. मुलांना घेऊन काय काय उरकता येईल?"

उरकता येईल, हा शब्द माझ्या मनाला लागला. स्वयंपाक उरकावा, बँकेतलं काम उरकावं. सुट्टी कशी उरकायची? पण तिचं चुकत नव्हतं. पाहुण्यांच्या हाती येणारी नाशिकची यादी तशीच असते. रामकुंड, काळाराम, सीतागुंफा, तपोवन, मुक्तिधाम, पांडवलेणी, सोमेश्वरचा धबधबा आणि जमलं तर संध्याकाळी त्र्यंबकेश्वर, हे सगळं एका दिवसात. या यादीतली एकही जागा वाईट नाही. पण सहा वर्षांचं मूल अशा दिवशी चारदा चपला काढतं, चारदा घालतं, तीनदा रांगेत उभं राहतं, आणि रात्री गाडीत झोपताना त्याला आठवतो तो फक्त उसाचा रस. एकदा आमच्याच घरचा असा दिवस मी पाहिला आहे. भाड्याच्या गाडीचा चालक दर ठिकाणी "पंधरा मिनिटं" म्हणून बजावत होता, थोरली माणसं धावत होती आणि मुलं रडत होती. कुणी कुणावर का चिडलं हे घरी आल्यावर कुणालाच सांगता आलं नाही.

म्हणून मी भाचीला सांगितलं, "पहिला दिवस कुठेच जायचं नाही. दुसऱ्या दिवशी एकच जागा. तिसऱ्या दिवशी एकच."

पहिल्या दिवशी मुलं कंटाळली, आणि ते मला हवंच होतं. कंटाळ्याशी देवळालीचं नातं जुनं आहे. इंग्रजांच्या काळात इथे फौजेचा मोठा तळ होता. नोकरीची मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत इथे महिनोन्‌महिने पडून राहत. त्या रिकाम्या, उन्हातल्या दिवसांत माणसाचं डोकं फिरतं, म्हणून त्यांच्या बोलीत देवळालीच्या नावावरून 'डूलॅली' हा शब्द तयार झाला आणि तो इंग्रजीत कायमचा राहिला. आपल्या मामी-आजीच्या गावाचं नाव इंग्रजी शब्दकोशात आहे हे ऐकून दहा वर्षांची थोरली हरखून गेली. संध्याकाळी आम्ही खंडोबाच्या टेकडीवर गेलो. इथे तिला टेंपल हिल म्हणतात. चढ लहान मुलांच्या पायांना झेपणारा आहे आणि वर वारा भरपूर. तिथून घरी येऊन जेवलो, झोपलो.

दुसऱ्या दिवशी पांडवलेणी. कॅम्पातून वडनेरमार्गे पाथर्डी फाट्याला निघालं की शहराच्या गर्दीत शिरावंच लागत नाही. मुलं असतील तर सकाळी लवकर निघा, हे माझं एकच आग्रहाचं सांगणं. पायऱ्या दोनशेच्या आसपास आहेत. ज्यांना चढवत नाही त्यांनी खाली दादासाहेब फाळके स्मारकाच्या आणि बुद्धविहाराच्या बाजूला बसावं. आमच्या वन्सं तिथेच थांबल्या आणि खुशीत होत्या. पाणी घरूनच भरून न्यावं आणि मुलांना चढण्याआधीच स्वच्छतागृहात नेऊन आणावं. लेकरांना घेऊन हिंडणाऱ्या आईचा निम्मा जीव याच एका काळजीत असतो. आपल्या प्रेक्षणीय ठिकाणी तिच्यासाठी बाळाला पाजायला आडोसा आणि बसायला सावली का नसावी, हे मला खरंच कळत नाही. दरवर्षी नवी कमान उभी राहते. तिच्याआधी एक बाक आणि एक नळ व्हायला हवा.

त्रिरश्मी डोंगराच्या उत्तर अंगाला ही 24 लेणी ओळीने कोरलेली आहेत, म्हणून ओसऱ्यांमध्ये सावली असते. पांडवांशी त्यांचा संबंध नावापुरता. ती बौद्ध भिक्षूंची राहण्याची आणि उपासनेची ठिकाणं आहेत. पण चोवीसच्या चोवीस पाहायची नाहीत, असं मी आधीच बजावलं होतं. आम्ही दोनच नीट पाहिली, तिसरं आणि दहावं. आणि मुलांना सकाळीच एक प्रश्न दिला होता : या डोंगरावर पैशाची गोष्ट कुठे लिहिली आहे?

दहाव्या लेण्यात ती आहे. सुमारे 1900 वर्षांपूर्वी इथे क्षहरात घराण्यातल्या नहपान राजाची सत्ता होती. त्याचा जावई उषवदात याने हे लेणं भिक्षुसंघाला दिलं आणि त्यांच्या खर्चाची सोय केली. ती कशी केली, ते ओसरीच्या भिंतीवर ब्राह्मी लिपीत कोरून ठेवलं आहे. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणीकडे, म्हणजे त्यांच्या व्यावसायिक संघाकडे, त्याने 2000 कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली. व्याज दरमहा शेकडा एक. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून पावसाळ्यात इथे राहणाऱ्या वीस भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण द्यायचे. गोवर्धन नावाचं गाव आजही नाशिकच्या गंगापूर रस्त्याला आहे.

थोरली पायरीवर बसली आणि बोटांवर हिशेब करू लागली. दोन हजारांवर शेकडा एक म्हणजे महिन्याला वीस. वर्षाचे दोनशे चाळीस. वीस भिक्षूंना बारा-बारा म्हणजे... ती उठून उभीच राहिली. "मामी-आजी, दोनशे चाळीस! बरोबर जुळलं!"

तिचं गणित शाळेत कच्चं आहे, असं तिची आई म्हणते. मला ते त्या दिवशी तरी दिसलं नाही. दगडात कोरलेला हिशेब इतक्या वर्षांनी एका पाचवीतल्या मुलीने तपासला आणि तो बरोबर निघाला. यापुढे तिला आणखी कुठे नेण्याची मला गरज वाटली नाही. मी स्वतः या लेण्यांत किती वेळा आले असेन, पण हा गुणाकार मी कधी करून पाहिला नव्हता.

धाकट्याला आकड्यांत रस नव्हता. तो तिसऱ्या लेण्याच्या दर्शनी भागातल्या सहा बुटक्या यक्षांपाशी उकिडवा बसून राहिला. त्या यक्षांनी अख्खं लेणं तुळयांसकट खांद्यावर उचललं आहे. "यांचे खांदे दुखत असतील ना?" म्हणून तो प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे निरखून पाहत होता. दुखत असतील असा एकाचा चेहरा त्याला सापडलासुद्धा.

याच तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. मुलगा गेल्यानंतर, नातवाच्या राज्यात, तिने हे लेणं दान केलं आणि मुलाचे पराक्रम भिंतीवर कोरून घेतले. त्याने क्षहरातांचं घराणं पुरतं नाहीसं केलं, असं ती सांगते. ज्यांच्या जावयाचा हिशेब आपण आत्ताच तपासला, तेच हे क्षहरात. त्या राजाची ओळख आईच्या नावाने आहे, हे ऐकून भाचीलाच बरं वाटलं. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांत नावापुढे आधी आईचं नाव लागू लागलं आहे. तिची दोन्ही मुलं त्याआधीची. तरी त्या दुपारी धाकटा घरभर आपल्या नावापुढे आईचं नाव जोडून ओरडत होता.

खरी मौज घरी आल्यावर झाली, मी मुलांना नाण्यांची गोष्ट सांगितली तेव्हा. 1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. तेरा हजारांहून जास्त नाणी, सगळी नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला होता. जुनी नाणी वितळवली नाहीत, नहपानाच्या चेहऱ्यावरच नवी खूण ठोकली. एका बाजूला कमानींची टेकडी, दुसऱ्या बाजूला चार टोकांना चार गोल असलेली फुली. आई भिंतीवर जे सांगते, त्याची साक्ष मुलाची नाणी देतात. माझ्याकडच्या पुस्तकात अशा नाण्याचं चित्र आहे. नव्या छापाच्या कडेने जुन्या राजाचं नाक डोकावतं, ते धाकट्याला आधी दिसलं.

मग त्यांनी पोळ्यांच्या कणकेचा गोळा मागून घेतला. कणकेच्या चकत्या केल्या, त्यांवर आधी दहा रुपयांचं नाणं दाबलं आणि त्यावर पाच रुपयांचं. दोन्ही छाप एकमेकांत मिसळलेले दिसू लागले. संध्याकाळपर्यंत माझ्या स्वयंपाकघराची टांकसाळ झाली होती. त्या दिवशी पोळ्या कमी पडल्या, भात जास्त लावला.

तिसऱ्या दिवशी कुठे जायचं हे मला ठरवावंच लागलं नाही. नाण्यांचंच काहीतरी, असं दोघांनी सांगितलं. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला नाणकशास्त्राचं संशोधन करणारी संस्था आहे, डॉ. परमेश्वरीलाल गुप्ता यांच्या पुढाकाराने 1980 साली सुरू झालेली. तिथलं संग्रहालय मुलांसाठी फार चांगलं आहे आणि तिथे गर्दी नसते. निघण्याआधी उघडं आहे का, हे फोन करून विचारावं. येताना आम्ही मुद्दाम नाशिकरोडवरून वळसा घेतला. तिथल्या नोटांच्या छापखान्याच्या भिंतीबाहेरून गाडी हळू घ्यायला सांगितली. आत जाता येत नाही, थांबताही येत नाही. पण 1928 पासून या भिंतीआड देशाच्या नोटा छापल्या जात आहेत, त्याआधी त्या इंग्लंडमध्ये छापून येत, एवढं कळलं तरी मुलं खिडकीला नाक लावून बसतात.

तुमच्या घरी याहून लहान कुणी असेल किंवा कुणाला पैशाच्या गोष्टीत रस नसेल, तर दुसरा धागा धरा. पक्ष्यांचं वेड असेल तर थंडीत नांदूर मधमेश्वरला भल्या पहाटे पोचा. महाराष्ट्रातली पहिली रामसर पाणथळ जागा आहे ती. चापडगावच्या बाजूने गेलात तर गावातली तरुण मुलं दुर्बीण घेऊन सोबत येतात आणि पक्षी ओळखायला शिकवतात. दगडांचं वेड असेल तर सिन्नरला गारगोटी संग्रहालय आणि गावातच गोंदेश्वराचं देऊळ. कॅम्पातल्या रिकाम्या संध्याकाळी भगूरला सावरकरांचं जन्मघर पाहून होतं. मिसळ मागवलीत तर मुलांसाठी रस्सा वेगळा आणि दही आधी मागून ठेवा. काळाराम मंदिराला मात्र थोडी मोठी मुलं असतील तेव्हाच जा. 2 मार्च 1930 ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. कुणाला आणि का आत जाऊ दिलं जात नव्हतं, हे उभं राहून नीट सांगता येईल एवढा वेळ हाताशी हवा. पंधरा मिनिटांत ते सांगून होत नाही.

या आठवड्यात भाचीचा पुन्हा फोन आला. या खेपेला चार दिवस मिळाले आहेत. तिने यादी विचारली नाही, फोन सरळ थोरलीच्या हातात दिला. थोरलीला जोगलटेंभीला जायचं आहे. मी तिला खरं ते सांगितलं, की नाणी आता तिथे नाहीत. तिथे आहे तो गोदावरी आणि दारणेचा संगम. आपल्या भगूरजवळून वाहते तीच दारणा तिथे गोदावरीला मिळते, बाकी शेतं आणि पाणी.

"चालेल," ती म्हणाली, "मला पाणीच बघायचंय. आणि धाकट्याला विचारायचंय, की तेरा हजार नाणी उचलायला किती माणसं लागली असतील?"

मी नाण्यांच्या वजनाचा आकडा शोधून ठेवते आहे. हिशेब तीच करेल.