सही की सेल्फी?

गेल्या हिवाळ्यात एका रविवारी आम्ही सांवेर रोडला टेनिस बॉलचे सामने बघायला गेलो होतो. तिथल्या कारखान्यांतले कामगार आपापसांत वर्गणी काढून हे सामने भरवतात. आम्ही बँकेतून निवृत्त होऊन आता बरीच वर्षे झाली, पण दोन वेळच्या बदल्या मिळून त्या भागातल्या शाखेत सहा वर्षे काढली असल्यामुळे अजून बोलावणे येते. सकाळी गरम पोहे-जिलेबी असते, म्हणून आम्हीही नाही म्हणत नाही. यंदा बक्षिसे द्यायला रणजी खेळलेला एक तरुण खेळाडू आला होता. बक्षीस समारंभ दहा मिनिटांत आटोपला. फोटो मात्र पाऊण तास चालले.

गर्दीच्या कडेला नऊ-दहा वर्षांचा एक मुलगा शाळेची वही आणि पेन घेऊन उभा होता. तो एक पाऊल पुढे सरकला की कुणाचा तरी मोबाइल धरलेला हात त्याच्या डोक्यावरून पुढे जायचा. शेवटी त्याच्या वडिलांनी त्याला उचलले, खेळाडूच्या खांद्याजवळ धरले, फोटो काढला आणि म्हणाले, "हो गया ना? चल अब." मुलगा खाली उतरला तेव्हा वही हातात तशीच उघडी होती.

परतताना गाडीत यावरूनच बोलणे निघाले. गाडी चालवणारा आमचा भाचा म्हणाला, "मामा, सही घेऊन करायचं काय? सही कुणीही ठोकू शकतं. फोटोत मी स्वतः असतो, खोटं म्हणायची सोय नाही." लवकुश चौक येईपर्यंत आम्हांला यावर उत्तर सुचले नाही. बँकेत ज्याचा सगळा जन्म सह्या जुळवण्यात गेला त्याला हे मान्यच करावे लागते. नमुना सहीचे कार्ड एका हातात, चेक दुसऱ्या हातात, आणि 'र'ची वेलांटी जरा वेगळी वळली की चेक परत. खोट्या सह्या आम्ही किती पाहिल्या हे सांगायला बसलो तर वेगळा लेख होईल.

शिवाय बँकांनी स्वतःच सहीवरचा भार कमी केला आहे. २०२० च्या जानेवारीपासून रिझर्व्ह बँकेने व्हिडिओवरून ग्राहकाची ओळख पटवायला परवानगी दिली. आपल्यासारख्या पेन्शनरांचा हयातीचा दाखला २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरून देता येतो. पूर्वी नोव्हेंबरात रांगेत उभे राहून सही करायची, आता घरी खिडकीजवळ उजेडात बसून डोळे मिचकवायचे. मग खेळाडूच्या बाबतीतच सही का धरून बसायची?

सेल्फी हाही एक हयातीचा दाखलाच आहे. मी होतो, इथे होतो, याच्या शेजारी होतो. त्यात खेळाडू साक्षीदार असतो आणि अर्जदार आपण. हे सगळे फार जुने नाही. पुढचा कॅमेरा असलेला आयफोन २०१० मध्ये आला, २०१३ मध्ये ऑक्सफर्डच्या कोशकारांनी 'सेल्फी' हा वर्षाचा शब्द ठरवला, आणि २०१४ मध्ये अमेरिकन गायिका टेलर स्विफ्टने एका वृत्तपत्रात लिहिले की पुढचा कॅमेरा आल्यापासून आपल्याकडे कुणी सही मागितलेली नाही. चार वर्षांत एक रीत गेली. आपल्याकडे स्वस्त मोबाइल आणि स्वस्त डेटा आल्यावर तेच झाले.

आपल्या इंदुरात सही मागणे ही साधी गोष्ट नव्हती. होळकरांच्या संघाने चार वेळा रणजी करंडक जिंकला (१९४५-४६, १९४७-४८, १९५०-५१, १९५२-५३). कर्नल सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड ही माणसे याच शहरात वावरत होती. आमच्या वडिलांच्या पिढीला ती रस्त्यात दिसायची, आणि दिसली की नमस्कार करून पुढे जायचे. सही मागायची तर वही लागे, पेन लागे, त्यात शाई असावी लागे, आणि मुख्य म्हणजे धीर लागे. १ डिसेंबर १९८३ ला नेहरू स्टेडियमवर आपल्या शहरातला पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला, भारत विरुद्ध वेस्ट इंडीज. आम्ही बँकेत नवे होतो, रजा मिळवताना घाम फुटला. आपण हरलो, आणि सही एकाचीही मिळाली नाही. पण त्या दिवशी खिशात घडी करून नेलेला कोरा कागद आम्ही पुढे कितीतरी महिने पाकिटात ठेवला होता, हे आज सांगायला हरकत नाही.

म्हणून जुने चाहते फार सोवळे होते असे मुळीच नाही. १९४५ मध्ये ऑस्ट्रेलियन सर्व्हिसेस संघाविरुद्धच्या कलकत्त्याच्या सामन्यातून मुश्ताक अलींना वगळले, तेव्हा लोकांनी निवड समितीच्या दुलीपसिंहजींना घेराव घातला. मुश्ताक नाही तर कसोटी नाही, अशी घोषणा होती, आणि शेवटी आपल्या इंदूरच्या गड्याला संघात घ्यावे लागले. जानेवारी १९६० मध्ये मुंबईच्या ब्रेबॉर्न स्टेडियमवर एका तरुणीने सरळ मैदानात जाऊन अब्बास अली बेगच्या गालाचे चुंबन घेतले होते. (आमच्या आजीला हे कळले तेव्हा तिने क्रिकेट हा खेळच घरातून बंद करायला सांगितला होता.) चाहत्यांची तोंडी आश्वासने तर विचारू नका. १९४४-४५ च्या रणजी अंतिम सामन्यात इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन आपल्या होळकर संघाकडून मुंबईविरुद्ध नाबाद २४९ खेळला. त्याचा किस्सा क्रिकेटवाले अजून सांगतात: एका धनिकाने शतकापुढच्या प्रत्येक धावेला बक्षीस कबूल केले होते, आणि डाव संपल्यावर तातडीच्या कामासाठी कलकत्त्याला जावे लागल्याची चिठ्ठी ठेवून तो गायब झाला. बँकेतल्या माणसाला यात एकच गोष्ट दिसते, ती म्हणजे कॉम्प्टनने आधी लेखी घ्यायला हवे होते.

तेव्हा वेड पूर्वीही होते, आजही आहे. फरक आम्हांला दिसतो तो देण्या-घेण्यात. सही खेळाडू देतो. आपण मागतो, तो थांबतो, नाव विचारतो, मान खाली घालून लिहितो. नको असेल तर हात हलवून निघून जातो, आणि वही कोरी राहते. त्याने हात चालवल्याशिवाय सही होतच नाही. सेल्फी मात्र घेता येते. खेळाडू चालत असला, जेवत असला, कुणाशी बोलत असला, तरी आपण शेजारी घुसून हात लांब केला की काम झाले. विचारले काय, न विचारले काय, फोटो सारखाच येतो. आणखी एक गंमत बघा. सही घेताना आपण त्याच्याकडे पाहत असतो. सेल्फीत दोघेही मोबाइलकडे पाहतात.

हे नुसते शब्दांचे खेळ नाहीत. १४ जानेवारी २०२४ ला आपल्याच होळकर स्टेडियमवर अफगाणिस्तानविरुद्धचा टी-२० सामना चालू असताना एक तरुण जाळी ओलांडून मैदानात शिरला आणि त्याने विराट कोहलीला मिठी मारली. कोहली शांत राहिला. तरुणाला पोलिसांनी ताब्यात घेतले. शहरात मात्र कित्येकांनी त्याचे कौतुकच केले, काय नशीब काढले म्हणून. फेब्रुवारी २०२३ मध्ये मुंबईत पृथ्वी शॉबरोबर सेल्फीवरून हॉटेलात सुरू झालेली कुरबुर रस्त्यावर आली, गाडीची काच फुटल्याची तक्रार झाली, उलट बाजूनेही तक्रार झाली आणि प्रकरण कोर्टात गेले. एका फोटोसाठी!

सगळ्यांत बोलके उदाहरण कोलकात्याचे. १३ डिसेंबर २०२५ ला लिओनेल मेस्सी सॉल्ट लेक स्टेडियमवर आला. लोकांनी हजारो रुपयांची तिकिटे काढली होती. तो मैदानात आला आणि पुढारी, अधिकारी, त्यांचे पाहुणे असा घोळका त्याच्याभोवती जमला, प्रत्येकाला फोटो हवा. गॅलरीतल्या माणसाला मेस्सी धड दिसलाच नाही. थोड्याच वेळात तो निघून गेला. मग बाटल्या आणि खुर्च्या मैदानात पडल्या, आयोजकाला अटक झाली, मुख्यमंत्र्यांना माफी मागावी लागली. मोडतोड करणाऱ्यांची बाजू आम्ही घेत नाही. पण ज्यांच्याकडे पास होता त्यांनी स्वतःच्या फोटोसाठी बाकी सगळ्यांचा खेळाडू झाकून टाकला, हे खरे. सांवेर रोडच्या त्या मैदानावर वही घेतलेल्या मुलाच्या डोक्यावरून जाणारे हात आम्हांला कोलकात्याची ही बातमी वाचताना आठवले.

आणि एक गोष्ट, जी लिहिताना इंदूरकर म्हणून खाली मान जाते. ऑक्टोबर २०२५ मध्ये महिला विश्वचषकासाठी आलेल्या ऑस्ट्रेलियाच्या दोन खेळाडू हॉटेलातून चालत कॅफेकडे जात असताना त्यांची छेड काढली गेली, आणि एकाला अटक झाली. हा चाहतेपणाचा प्रकार नव्हता, सरळ गुन्हा होता, आणि त्याला सेल्फीच्या रांगेत बसवायचा आमचा इरादा नाही. पण त्यानंतर काही जबाबदार मंडळींनी सूर लावला की आपल्याकडे क्रिकेटपटूंचे वेड आहे, तर खेळाडूंनी सांगून बाहेर पडायला हवे होते. म्हणजे आमचे वेड आहे तर सांभाळायचे त्यांनी. हे आम्हांला पटत नाही. आपल्या घरातल्या मुली खेळायला दुसऱ्या गावी जातात, त्यांनाही हेच सांगणार का?

एवढे लिहून झाल्यावर सेल्फीची बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर भाचा म्हणेल मामांनी एकतर्फी निकाल दिला. सहीचा बाजार झाला होता, अजून आहे. सही केलेल्या बॅटी विकत मिळतात, त्यांतल्या खऱ्या किती हे देव जाणे. वहीवर सही मिळवणारा बहुतेक वेळा पॅव्हेलियनच्या जवळ जाऊ शकणारा, शिकलेला, कुणाच्या तरी ओळखीचा असे. सांवेर रोडवर लेथ चालवणाऱ्या माणसाला पॅव्हेलियनची पायरी कधी दिसली? आज तोच माणूस त्या रणजीपटूच्या खांद्याला खांदा लावून फोटो काढतो आणि रात्री गावाकडे आईला पाठवतो. तिला सही वाचता आली नसती, मुलाचा चेहरा ओळखता येतो. रजत पाटीदार आपल्या इंदूरचा. २०२२ मध्ये मध्य प्रदेशाने मुंबईला हरवून पहिल्यांदा रणजी जिंकली त्या अंतिम सामन्यात त्याचे शतक होते, आणि २०२५ मध्ये त्याच्या कप्तानीत बंगळूरने आयपीएल जिंकले. त्याच्याबरोबरचा फोटो ज्या घरांत टीव्हीवर फ्रेम करून ठेवला आहे त्यांना हसण्याचा आम्हांला अधिकार नाही. त्याच विजयाच्या स्वागताला ४ जून २०२५ ला बंगळूरमध्ये चेंगराचेंगरीत ११ जीव गेले, हेही त्या फ्रेमकडे पाहताना आठवतेच.

जाता जाता बँकवाल्याची एक सूचना, मुलांनी कुणा मोठ्या माणसाकडे वही नेलीच तर पानाच्या वरच्या भागात सही मागावी. कोऱ्या पानाच्या तळाशी सही करायला कोणीही शहाणा माणूस कचरतो, कारण वरच्या जागेत काय लिहिले जाईल याचा नेम नसतो. अनेक नामवंतांची चाहत्यांसाठीची सही आणि चेकवरची सही वेगळी असते, ती याचसाठी.

आता आमच्या स्वतःच्या वहीविषयी. १९७१ मध्ये, सहावीत असताना, मध्य प्रदेशाकडून रणजी खेळणाऱ्या एका फलंदाजाची सही आम्ही मिळवली होती. पुढे हेच गृहस्थ सांवेर रोडवरच्या एका कारखान्यात नोकरीला होते, आणि निवृत्तीनंतरही त्यांचे खाते आमच्याच शाखेत होते. एकदा त्यांचा चेक परत गेला, सही जुळत नाही म्हणून. शेरा आमच्याच टेबलावरून गेला होता. ते स्वतः आले. काही बोलले नाहीत, हात पुढे केला. तो थरथरत होता. आम्ही नवे कार्ड पुढे ठेवले, त्यावर तीन नमुना सह्या करायच्या असतात. तीन सह्यांना त्यांना दहा मिनिटे लागली, आणि तिन्ही वेगळ्या आल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही ती जुनी वही घेऊन त्यांच्या घरी गेलो. माफी मागायचे मनात होते, ते जमले नाही, नुसते पान उघडून पुढे धरले. बराच वेळ ते स्वतःच्याच सहीकडे पाहत राहिले. मग पेन मागितले आणि तिच्याखाली आणखी एक सही केली, तारीखही घातली. तेव्हा आमच्या खिशात कॅमेऱ्याचा मोबाइल होता. फोटो काढावा असे सुचले नाही, आणि आता ते नाहीत, तेव्हा त्यांचा आमच्याबरोबरचा एकही फोटो आमच्याकडे नाही. भाच्याच्या हिशेबाने ही चूकच झाली, आणि कधीकधी आम्हांलाही तसे वाटते.

बँकेच्या नियमाने त्या पानावरच्या दोन सह्या जुळत नाहीत. वही आमच्याकडे आहे. मंडळातल्या मुलांना पाहायची असेल तर पुढच्या कार्यक्रमाला घेऊन येऊ.